कोंबडा की तलंग?

शुक्रवारचा निवांत नाश्ता. ऑम्लेट खाता खाता लेकीने विचारले, "बाबा, अंडी कोंबडी देते, मग तिचे भाऊ कुठे जातात?" मनामाच्या बाजारातली अंडी इतकी वर्षे खातोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

माझी आजी कोंबडी खुडूक बसवताना अंडी हातात फिरवून पाहायची. लांबट अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग! ॲरिस्टॉटलनेही अंड्याच्या आकारावरूनच ठरवले होते, पण नेमके उलटे. विज्ञानाला दोघांचाही हिशोब मान्य नाही. तुरा दिसेपर्यंत काही आठवडे थांबायचे, आणि तोवर दाणा दोघांनाही घालायचा.

ही कोंडी फोडली जपान्यांनी. कियोशी मासुई आणि सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले, की एक दिवसाच्या पिल्लाच्या गुदद्वाराची कड हलकेच उलगडली तर नरात बारीकसा उंचवटा दिसतो. १९२७ साली ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत हे जगापुढे आले. पण काही माद्यांतही तसा उंचवटा असतो. फरक सांगून कळत नाही. जाणकाराशेजारी बसून हजारो पिल्ले हाताळावी लागतात. तरबेज माणूस तासाला हजारभर पिल्ले निवडतो, चूक शंभरात एक-दोन. आम्ही संगणकवाले "लॉजिक लिहून द्या" म्हणतो, ते इथे चालत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या कितीतरी तरुणांचे पोट या कसबावर भरले.

केंब्रिजमध्ये पनेट आणि पीज यांनी १९२९ मध्ये 'कॅम्बार' ही जात तयार केली. तिच्यात पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी कळे. आज काही संकरित जातींत पंखाची पिसे पाहतात. मादीची मोठी पिसे लांब, नराची आखूड. गावठी कोंबडीला मात्र ही युक्ती लागू नाही.

आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांची व्यंकटेश्वरा हॅचरीज आली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. अंडी घरोघरी पोचली. पण अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही, मांसही सावकाश धरतो. म्हणून जगभर अशी पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली; तिथे आता अंड्यातच लिंग तपासतात.

लेकीला हे सगळे सांगवले नाही. आठवडी बाजारातून मी एकदा गुलाबी रंगवलेले पिल्लू आणले होते, ते तिला सांगितले. आजीने लांबूनच पाहिले.

"कोंबडा आहे."

"उचलून तरी बघ!"

"अरे, तलंग असती तर रंग लावून विकली असती का?"