एका रस्त्याचे तीन शेजारी

बर्लिन शहराच्या जुन्या भागात ग्रोसे हाम्बुर्गर श्ट्रासे, म्हणजे 'थोरला हाम्बुर्ग रस्ता', नावाचा एक रस्ता आहे. नाव थोरले असले, तरी रमतगमत चालणाऱ्यालाही तो पाचसात मिनिटांत संपलासा वाटावा. दुतर्फा राहती घरे, आणि त्यांच्या रांगेत यहुद्यांची दफनभूमी, प्रॉटेस्टंट बांधवांचे चर्च व आम्हां कॅथलिकांचे इस्पितळ. म्हणून त्यास 'सहिष्णुतेचा रस्ता' असे नाव पडले. हे नाव आम्हांला गोड वाटते. मात्र ते पुरते पटत नाही.

या तिघांत सर्वांत जुने शेजारी यहुदी. व्हिएन्नामधून हाकलल्या गेलेल्या पन्नास यहुदी कुटुंबांना ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने १६७१ साली आश्रय दिला आणि पुढच्याच वर्षी त्यांची दफनभूमी येथे सुरू झाली. तत्त्वचिंतक मोझेस मेंडेल्सझोन यांना १७८६ मध्ये येथेच मूठमाती मिळाली. १७१३ साली राणी सोफी लुईझे हिच्या आश्रयाने सोफी चर्च उभे राहिले व पुढे त्यावर देखणा बरोक मनोरा चढला. कॅथलिक सर्वांत उशिरा आले. प्रॉटेस्टंट राजधानीत त्यांची संख्या थोडी. तरीही १८४६ साली त्यांनी संत हेडविग यांच्या नावाने इस्पितळ काढले आणि संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या धर्मभगिनींनी रुग्णसेवा हाती घेतली. लाल विटांची गॉथिक धाटणीची इमारत १८५० नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. तिचा आराखडा फिन्सेंझ श्टाट्स यांचा. कोलोन कॅथेड्रलच्या कामावर तयार झालेला तो स्थपती होता.

यहुद्यांनी दफनभूमीलगत वृद्धाश्रम बांधला होता. १९०६ साली शेजारी मुलांची शाळाही झाली. मेलेल्यांची विश्रांती, म्हाताऱ्यांचा आसरा आणि पोरांचा गलबला, सारे काही हाकेच्या अंतरावर.

१९४२ साली गेस्टापोने तो वृद्धाश्रम रिकामा केला. म्हाताऱ्यांना टेरेझिनश्टाट येथे पाठविले आणि त्यांच्या खोल्यांत शहरभरातून पकडून आणलेली कुटुंबे कोंडण्यास आरंभ केला. शाळाही त्याच वर्षी बंद झाली. युद्धकाळात बर्लिनमधून पन्नास हजारांहून अधिक यहुदी मृत्यूच्या वाटेला लावले गेले. त्यांतील पुष्कळांनी या शहरातील अखेरच्या रात्री याच रस्त्यावर काढल्या. पुढच्या वर्षी तर दफनभूमीही खणून उद्ध्वस्त करण्यात आली. जिवंतांना नेल्यावर मृतांनाही सोडले नाही.

समोरच्या व बाजूच्या घरांना खिडक्या होत्या, हे येथे विसरता येत नाही. तिघे शेजारी सुमारे शतकभर परस्परांना सहन करीत आले होते. पण सहन करणे वेगळे आणि रात्री दार उघडणे वेगळे.

एक दार उघडले. संत हेडविग इस्पितळात मारियाने हापिग नावाच्या समाजसेविका काम करीत असत. डॉक्टर एरहार्ड लुक्स यांच्या साह्याने त्यांनी छळ होत असलेल्या यहुद्यांना इस्पितळात आश्रय दिला. जेथे माणसे कोंडली जात होती, तेथून हे इस्पितळ चार पावलांवर. पकडले गेल्यास काय होईल, हे सांगायला कोणी नको होते. याच संत हेडविग यांच्या नावाच्या कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टेनबर्ग हे यहुद्यांसाठी उघडपणे प्रार्थना करीत. त्यांना १९४१ साली अटक झाली आणि १९४३ साली डाखाऊच्या छावणीकडे नेले जात असता त्यांचा अंत झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली त्यांना धन्य घोषित केले.

हापिगबाईंचे धाडस तेवढ्यावर थांबले नाही. येशूसंघीय फादर आल्फ्रेड डेल्प तेगेलच्या तुरुंगात होते. हापिगबाई व त्यांची मैत्रीण मारियाने प्युंडर त्यांचे कपडे धुण्यासाठी ने-आण करीत आणि त्याच बोचक्यांतून, बेड्या घातलेल्या हातांनी फादरांनी लिहिलेले कागद बाहेर येत. फादर डेल्प यांची चिंतने जगापुढे आली, ती या धुण्याच्या कपड्यांमुळे.

ही कथा सांगताना अभिमानाने ऊर भरून येतो खरा. तरीही हापिगबाईंची गणना 'आम्हां कॅथलिकांत' करण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या रस्त्याने रोज मिस्साला जाणारे आणि मान खाली घालून परतणारेही आमचेच होते.

२ फेब्रुवारी १९४५ रोजी फादर डेल्प यांना फाशी देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात या रस्त्यावरील पंधरा-सोळा क्रमांकाच्या घराचा मधला भाग पार नाहीसा झाला. ती जागा तशीच मोकळी राहिली. १९९० साली फ्रेंच कलावंत क्रिस्तियां बोल्तान्स्की यांनी दोन्ही बाजूंच्या उघड्या भिंतींवर पाट्या लावल्या. कोणत्या मजल्यावर कोण राहत होते, त्यांचे नाव, व्यवसाय आणि राहण्याचा काळ, एवढेच त्यांवर आहे. पाट्या ज्या उंचीवर आहेत, तेथे एके काळी त्यांच्या खोल्या होत्या.

वृद्धाश्रमाची इमारत युद्धात गेली. तिच्या जागेजवळ विल लामर्ट यांनी घडविलेला स्त्रियांच्या मूर्तींचा समूह १९८५ पासून उभा आहे. यहुदी शाळा मात्र १९९३ साली त्याच जुन्या वास्तूत पुन्हा उघडली आणि तेथे यहुदी मुलांबरोबर इतर मुलेही शिकू लागली. दारावर पोलिसांचा पहारा असतो.