राखीव किती ठेवायचं?

गेल्या शनिवारी पहाटे तीनला फोन वाजला. मुख्य सर्व्हर गेला होता. "स्टँडबाय आहे ना, मग मला कशाला उठवतोस?" म्हणत मी कूस बदलली. तर कळलं, स्टँडबायही गेलाय! दोघं एकाच यूपीएसवर होते. आणि हे डिझाईन कुणाचं? अस्मादिकांचंच. "दोन्ही एकदम जाण्याची शक्यता नगण्य" हे डॉक्युमेंटमधलं वाक्यही माझंच.

झोप उडालीच होती, म्हणून वाचत बसलो. हा प्रश्न वीजवाल्यांना आपल्या कितीतरी आधी पडलाय. ग्रिडमध्ये जेवढी मागणी तेवढी निर्मिती क्षणोक्षणी हवी. मग एखादा संच अचानक बंद पडला तर? राखीव हवं. पण किती? सुरुवातीला ठोकताळे होते: मागणीच्या अमुक टक्के, किंवा सगळ्यात मोठ्या संचाइतकं. १९४७ साली अमेरिकेत जी. कॅलाब्रेसे यांनी त्याऐवजी संभाव्यतेची पद्धत सविस्तर मांडली.

गणित बारावीचंच आहे. समजा, सारखे १० संच आहेत आणि प्रत्येक जण ५ टक्के वेळ बंद असतो. मागणी रोज तेवढीच धरू. एक संच राखीव ठेवला, तर दोन किंवा जास्त संच बंद असण्याची शक्यता ८.६ टक्के, म्हणजे वर्षातले सुमारे ३१ दिवस तुटवडा! दोन राखीव ठेवले तर सुमारे ४ दिवस. तीन ठेवले तर ९ तास. शून्य मात्र कधीच येत नाही. म्हणून कुठेतरी थांबावं लागतं. अमेरिकेत "दहा वर्षांत एक दिवस" हा निकष रूढ झाला. आपल्या उदाहरणात त्यासाठी चार संच राखीव लागतील. दहातले चार! एवढे पैसे कोण देणार? तेव्हा हा आकडा निव्वळ गणिताचा नाही. किती अंधार चालेल, याची ती तडजोड आहे.

पण यात एक गृहीतक लपलंय: संच एकमेकांपासून स्वतंत्रपणे बंद पडतात.

९ ऑगस्ट २०१९, ब्रिटन. संध्याकाळी पाचच्या सुमारास एका वाहिनीवर वीज कोसळली. असं होतच असतं. पण त्याच सुमारास हॉर्नसी हा समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प आणि लिटल बारफर्डचं गॅसवरचं केंद्र, दोन्हीकडची निर्मिती घसरली. भरीला अनेक छोटे उत्पादकही ग्रिडपासून सुटले. राखीव होतं सुमारे १,००० मेगावॅट, एका मोठ्या स्रोतापुरतं. गेले १,८०० मेगावॅटच्या वर. फ्रिक्वेन्सी ५० वरून ४८.८ हर्ट्झवर आली आणि यंत्रणेने आपोआप दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज तोडली. वीज तासाभराच्या आत परत आली, पण काही रेल्वेगाड्या सुरू करायला तंत्रज्ञ पाठवावे लागले. लोक तासन् तास अडकले.

राखीवाचा हिशोब चुकला नव्हता. घटना स्वतंत्र आहेत हा भरवसा चुकला होता. माझाही तोच चुकला.

असो. सोमवारी ते "नगण्य" वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलंय: "दोघांत सामायिक काय काय आहे?" यादी करायला घेतलीय.. सातवर पोचलोय, आणि अजून नेटवर्कला हातही लावलेला नाही.