सकाळच्या शाळांचे बिनपगारी शिक्षक

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी निबंध वाचावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी, एवढेच आरंभीचे काम. मराठी व गुजराती व्याख्यानांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग.

खरी कसोटी १८४९ मध्ये लागली. मुलींच्या शाळा काढावयाच्या, पण शिक्षकांना देण्यास पैसा नाही! तेव्हा दादाभाई नौरोजींसह सभासदांनीच आपापले काम सुरू होण्यापूर्वी, सकाळी, विनावेतन शिकविण्याचे पत्करले. त्याहून अवघड काम घरोघर जाऊन पालकांची मने वळविण्याचे. कित्येकांनी साफ नकार दिला. जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. पुढे कामा कुटुंबाची देणगी आली आणि या शाळांना पैशाचा आधार मिळाला.