रिकाम्या सॉकेटांचा इतिहास

संगणकाचा इतिहास लिहिताना बहुधा यंत्रे बनवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. विकत घेतलेले यंत्र घरी आणून, स्क्रू काढून, त्यात स्वतःच्या हाताने भर घालणाऱ्यांची नोंद त्यात क्वचितच येते. जुन्या पोर्टेबल संगणकांसाठी मेमरीच्या पट्ट्या घरच्या घरी तयार करणारी मंडळी या दुसऱ्या गटातली. त्यांच्या खटाटोपाचा अर्थ कळावा म्हणून एकच यंत्र जवळून पाहू.

१९८३ साली अमेरिकेतल्या टँडी कंपनीने ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा संगणक आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून विकायला काढला. तो तयार केला होता जपानच्या क्योसेरा कंपनीने. याच घराण्यातली यंत्रे ऑलिव्हेटीने ‘एम-१०’ आणि एनईसीने ‘पीसी-८२०१ए’ या नावांनी विकली. जाडजूड वहीएवढा आकार, वजन सुमारे दीड किलो, पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी. घड्याळाला घालतो तसले चार सेल घातले की सुमारे २० तास काम चाले. आत टेलिफोनला जोडायचा मोडेमही होता. त्यामुळे बातमीच्या जागेवरून मजकूर थेट कचेरीत धाडणाऱ्या वार्ताहरांचे हे लाडके यंत्र ठरले. त्यातल्या आज्ञावलीचा बराचसा भाग बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला होता. इतका मोठा वाटा स्वतः लिहिलेले ते आपले शेवटचे काम, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

या यंत्रात डिस्क नव्हती. लिहिलेला प्रत्येक शब्द राहायचा तो मेमरीतच. यंत्र बंद केले तरी आतली छोटी बॅटरी त्या मेमरीला जागे ठेवायची. आजच्या संगणकात मेमरी वाढवली की वेग वाढतो. इथे मेमरी वाढवणे म्हणजे वहीला पाने जोडणे होते. ८ किलोबाइटचे यंत्र सुरू केले की पडद्याच्या तळाशी मोकळी जागा दिसे ५,०६२ बाइट. इंग्रजीत ती जेमतेम अडीच पाने. ३२ किलोबाइट पूर्ण भरल्यावर तोच आकडा होई २९,६३८, म्हणजे सुमारे पंधरा पाने. दिवसभर फिरून टिपणे घेणाऱ्या वार्ताहराच्या दृष्टीने हा फरक मोठा होता. जागा संपली की जुने काहीतरी पाठवून पुसून टाकल्याशिवाय पुढचे वाक्य लिहिता येत नसे.

कंपनीने मात्र वाट मोकळी ठेवली होती. तळाचे चार स्क्रू काढले की मुख्य पट्टीवर जास्तीच्या मेमरीसाठी सॉकेट दिसत. ८ किलोबाइटच्या यंत्रात अशी तीन सॉकेट रिकामी असत. दुकानातून मॉड्यूल आणायचे, तळाचा मेमरीचा स्विच बंद करायचा आणि ते सॉकेटात बसवायचे. हे मॉड्यूल म्हणजे सिरॅमिकची छोटी पट्टी, तिच्यावर प्रत्येकी २ किलोबाइटच्या चार चिपा.

हौशी मंडळींनी डोके लावले ते इथे. पुढे ८ किलोबाइटची सबंध मेमरी एकाच चिपमध्ये मिळू लागली. मग चारांऐवजी एकच चिप का बसवू नये? अडचण तारांची होती. जुन्या मॉड्यूलमधल्या प्रत्येक चिपला हाक मारण्यासाठी यंत्राकडून वेगळी तार येई. चाळीतल्या चार खोल्यांना चार घंटा असाव्यात तसे. नवी चिप म्हणजे चार खोल्यांचे एकच बिऱ्हाड. तिला घंटा एकच, पण कोणती खोली हवी हे पत्त्याच्या आणखी दोन तारांवरून सांगावे लागते. म्हणून घरगुती पट्टीवर एक छोटे तार्किक मंडल घालावे लागते. चारांपैकी कोणतीही घंटा वाजली तर ते चिपला जागे करते आणि कोणती वाजली त्यावरून पत्ता पुरा करते.

दुसरी अडचण अधिक छुपी. यंत्र बंद होताना वीज हळूहळू उतरते. त्या क्षणी हाक मारणारी तार लोंबकळत राहिली तर चिपला ती खरीच हाक वाटू शकते आणि भलत्याच जागी भलतेच लिहिले जाते. उपाय एका रेझिस्टरचा. ती तार बॅटरीवर जगणाऱ्या विजेकडे ओढून ठेवायची, म्हणजे चिप निमूट झोपून राहते. असला दोष पट्टी बनवल्या दिवशी दिसत नाही. एखाद्या सकाळी लेखाचा शेवट नाहीसा झालेला आढळतो, तेव्हा तो कळतो.

तिसरी अडचण म्हणजे एक भिंतच होती. या यंत्रातला ८०सी८५ प्रोसेसर पत्त्यासाठी १६ तारा वापरतो, म्हणून त्याला एका वेळी ६५,५३६ जागाच दिसतात. त्यांतल्या निम्म्या कायमच्या आज्ञावलीने अडवलेल्या, उरल्या ३२,७६८. त्यापुढे जायचे तर फडताळ तेच ठेवून आतल्या ट्रंका बदलायच्या. एक ट्रंक बाहेर काढायची, दुसरी तिच्या जागी सरकवायची. १९८४ सालच्या टँडी २०० मध्ये कंपनीनेच अशा २४ किलोबाइटच्या तीन ट्रंकांची सोय केली होती. मॉडेल १०० मध्ये ती करायची तर बाहेरून पट्टी जोडून प्रोसेसरला चकवावे लागे.

आज ती सिरॅमिकची मॉड्यूले कोणी बनवत नाही. पट्टीवर डाखलेली निकेल-कॅडमियम बॅटरी वयोमानाने गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. तरीही ही यंत्रे चालतात, कारण काही लोक जुन्या मंडलाचे नकाशे तपासतात, नवी पट्टी आखतात, ती कारखान्यातून छापून आणतात आणि टेबलावर बसून चिपा सोल्डर करतात. ‘६२२५६’ नावाच्या एकाच साध्या चिपमध्ये आता ३२,७६८ बाइट मावतात. एके काळी चार मॉड्यूलांवरच्या सोळा चिपांनी मिळून जे काम केले, ते नखाएवढी चिप करते.

याकडे केवळ जुन्याचा सोस म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी कारखान्यातच कायमची डाखलेली येते. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. रिकामे सॉकेट ही निर्मात्याने मालकाला दिलेली कबुली होती, की हे यंत्र पुरे झालेले नाही आणि पुढचे तुम्ही ठरवा. घरी पट्टी बनवणाऱ्याने ती कबुली शब्दशः घेतली.

जाता जाता एक हिशेब. आजच्या युनिकोडमध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. हा लेख साठवायला १३-१४ हजार बाइट लागतील. ८ किलोबाइटच्या यंत्रात तो अर्धाही मावला नसता. तिन्ही सॉकेट भरलेल्या यंत्रात मात्र असे दोन लेख सुखाने राहिले असते, मग त्याच्या पडद्यावर त्यांतले एकही अक्षर उमटले नसते तरी.