न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथ्लेटिक कॉन्फरन्स
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागातील अकरा खाजगी शिक्षणसंस्थांचा क्रीडासंघ. ‘नेस्कॅक’ या आद्याक्षरी नावाने तो अधिक परिचित आहे. स्थापना १९७१. ॲम्हर्स्ट, विल्यम्स व टफ्ट्स (मॅसॅचूसेट्स). बेट्स, बोडन व कोल्बी (मेन). ट्रिनिटी, वेस्लियन व कनेक्टिकट कॉलेज (कनेक्टिकट). मिडलबरी (व्हर्माँट) आणि हॅमिल्टन (न्यूयॉर्क) या त्याच्या सदस्य संस्था होत. यांपैकी टफ्ट्स हे मोठे संशोधनप्रधान विद्यापीठ असून इतर बहुतेक संस्था दोन-तीन हजार विद्यार्थ्यांची निवासी महाविद्यालये आहेत. त्यामुळे नावातील ‘लहान महाविद्यालये’ हे वर्णन टफ्ट्सला लागू पडत नाही आणि हॅमिल्टन तर न्यू इंग्लंडच्या सीमेबाहेरच आहे. हा संघ भूगोलापेक्षा समान विचाराच्या संस्थांची निवड करून बनला, हे यावरून लक्षात येते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघ हे प्रामुख्याने सामन्यांच्या सोयीसाठी उदयास आले. जवळपासच्या संस्थांनी एकत्र येऊन वेळापत्रक आखावे, साखळी सामने खेळावेत आणि विजेता ठरवावा, हा त्यांचा सर्वसाधारण हेतू असे. नेस्कॅकची उत्पत्ती याच्या उलट रीतीने झाली. त्याच्या सदस्यांमध्ये सामने फार पूर्वीपासून होत होते. १८२१ मध्ये विल्यम्सचे तत्कालीन अध्यक्ष झेफनाय स्विफ्ट मूर हे काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले व ॲम्हर्स्टची स्थापना झाली. तेव्हापासूनची या दोन संस्थांतील चुरस प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना त्यांच्यातच १ जुलै १८५९ रोजी पिट्सफील्ड येथे झाला व ॲम्हर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला. या दोघी आणि वेस्लियन मिळून ‘लिटल थ्री’ म्हणून ओळखल्या जात. सामने होते, प्रतिस्पर्धी होते, परंपराही होती. नव्हता तो खेळांच्या वाढत्या व्यापाला आवर घालणारा समान नियम.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विद्यापीठांत क्रीडा-शिष्यवृत्त्यांची प्रथा रूढ झाली आणि खेळाडू मिळविण्यासाठी स्पर्धा सुरू झाली. लहान महाविद्यालयांना ही चढाओढ परवडणारी नव्हती; तिच्यात उतरण्याची त्यांच्या प्रमुखांची इच्छाही नव्हती. १९५५ मध्ये ॲम्हर्स्ट, बोडन, वेस्लियन व विल्यम्स यांनी आपापसांत एक करार तयार केला. क्रीडाकार्यक्रम शिक्षणाच्या उद्दिष्टांशी सुसंगत असावा, खेळाडू हे एकूण विद्यार्थिवर्गाचे प्रातिनिधिक असावेत आणि आर्थिक साहाय्य केवळ गरजेनुसार द्यावे, खेळातील कौशल्यासाठी नव्हे, ही त्यामागील तत्त्वे होती. याच कराराचा विस्तार होऊन १९७१ मध्ये अकरा संस्थांचा संघ अस्तित्वात आला. मूळच्या चार संस्थांखेरीज बेट्स, कोल्बी, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स आणि न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी येथील युनियन कॉलेज यांचा त्यात समावेश होता. संघाची सूत्रे क्रीडासंचालकांकडे न राहता महाविद्यालयांच्या अध्यक्षांकडे राहिली. आरंभी या संघाच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धाच नव्हत्या. हंगामाची लांबी, सरावाचे दिवस, खेळाडूंशी संपर्क साधण्याच्या मर्यादा इत्यादींविषयीचे नियम एवढेच त्याचे स्वरूप होते.

या नियमांची खरी कसोटी युनियन कॉलेजच्या निमित्ताने लागली. १९७५ मध्ये युनियनने बर्फावरील हॉकीसाठी नवे क्रीडागृह उभारले आणि नेड हार्कनेस यांना प्रशिक्षक म्हणून आणले. हार्कनेस हे त्या काळातील अत्यंत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक होते. त्यांच्या कॉर्नेल संघाने १९७० मध्ये २९ पैकी २९ सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते. अशा प्रशिक्षकाला बोलावून मर्यादित महत्त्वाकांक्षेची अपेक्षा धरणे हे मुळातच विसंगत होते. खेळाडू मिळविण्याच्या पद्धतींवरून युनियन आणि संघ यांच्यात तंटा उद्‌भवला व १९७७ मध्ये युनियन संघाबाहेर पडले. त्यानंतरच्या हंगामात महाविद्यालयाशी मतभेद होऊन हार्कनेस यांनीही राजीनामा दिला आणि त्यांच्या पाठोपाठ खेळाडूंनी संघ सोडला. म्हणजे ज्या उद्दिष्टासाठी युनियनने जुने सोबती गमावले, ते तत्काळ साधले नाही. पुढे १९९१ मध्ये युनियनचा हॉकी संघ पहिल्या श्रेणीत दाखल झाला व २०१४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठासारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर ७–४ अशी मात करून त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. नेस्कॅकच्या नियमांच्या चौकटीत हे यश शक्य झाले नसते. तथापि असे यश मिळवून देणे हा नेस्कॅकचा हेतूही कधी नव्हता.

युनियनची रिकामी जागा पाच वर्षांनी भरली. १९८२ मध्ये न्यू लंडन येथील कनेक्टिकट कॉलेजला सदस्यत्व मिळाले. ही संस्था १९११ मध्ये स्त्रियांसाठी स्थापन झाली होती व १९६९ मध्ये तिने पुरुषांना प्रवेश दिला. संघातील इतर अनेक महाविद्यालयांचा प्रवास याच्या विरुद्ध दिशेने चालला होता : ट्रिनिटीने १९६९ मध्ये, विल्यम्सने १९७० मध्ये, बोडनने १९७१ मध्ये, तर ॲम्हर्स्टने १९७५ मध्ये विद्यार्थिनींना प्रवेश दिला. बेट्समध्ये मात्र १८५५ मधील स्थापनेपासूनच सहशिक्षण होते. अशा रीतीने संघाच्या स्थापनेचा काळ आणि स्त्रियांच्या क्रीडासंघांच्या उभारणीचा काळ जवळजवळ एकच ठरला. कनेक्टिकट कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नसल्याने त्या खेळात दहाच सदस्य भाग घेतात.

राष्ट्रीय स्पर्धांतील सहभागाचा प्रश्न अधिक काळ रेंगाळला. नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशनने १९७३ मध्ये क्रीडा-शिष्यवृत्ती न देणाऱ्या संस्थांसाठी तिसरी श्रेणी निर्माण केली व नेस्कॅकचे सदस्य तिच्यात समाविष्ट झाले. तरीही सांघिक खेळांतील त्यांचे संघ या श्रेणीच्या अजिंक्यपद स्पर्धांत उतरत नसत. लांबलेल्या हंगामामुळे अध्ययनात खंड पडतो, असे अध्यक्षांचे मत होते. उत्तम कामगिरी करूनही हंगाम अर्ध्यावर सोडावा लागतो, ही खेळाडूंची तक्रारही अवाजवी नव्हती. १९९३ मध्ये ही बंदी प्रथम प्रायोगिक स्वरूपात उठविण्यात आली. फुटबॉलला मात्र सवलतीतून वगळले. परिणाम त्वरित दिसून आला. मिडलबरीने १९९५ ते १९९९ या काळात पुरुषांच्या बर्फावरील हॉकीचे अजिंक्यपद सलग पाच वेळा जिंकले. सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीसाठी तिसऱ्या श्रेणीत १९९५–९६ पासून सुरू झालेला ‘डायरेक्टर्स कप’ विल्यम्सने पहिल्याच वर्षी व त्यानंतर अनेकदा मिळविला.

१९९९ पासून नेस्कॅकने स्वतःच्या अजिंक्यपद स्पर्धांचाही आरंभ केला. नियमांच्या करारातून जन्मलेली संघटना अशा रीतीने अठ्ठावीस वर्षांनी इतर क्रीडासंघांसारखी साखळी सामने घेणारी संघटना बनली. याचा हॅमिल्टनवर विशेष परिणाम झाला. हे महाविद्यालय अनेक खेळांत न्यूयॉर्क राज्यातील संस्थांच्या वेगळ्या संघात खेळत असे व त्या संघात त्याचा जुना सोबती युनियनही होता. ही दुहेरी व्यवस्था पुढेही काही वर्षे टिकली. २०११ मध्ये हॅमिल्टनने आपले सर्व संघ नेस्कॅकमध्ये आणले. सदस्यसंख्या न बदलताही संघाची खरी व्याप्ती त्या वर्षी पूर्ण झाली, असे म्हणता येईल.

यशाबरोबर जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. शिष्यवृत्ती नसली, तरी प्रवेश देताना प्रशिक्षकांच्या शिफारशीला वजन असते. दोन हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेने तीसच्या आसपास संघ उभे करायचे, तर विद्यार्थ्यांचा मोठा हिस्सा खेळाडूंचाच होतो. काही सदस्य महाविद्यालयांत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशापर्यंत जाते. हजारो विद्यार्थ्यांच्या मोठ्या विद्यापीठात मूठभर खेळाडूंना मिळणारी सवलत झाकली जाते, येथे ती प्रवेशाचे एकूण स्वरूपच बदलू शकते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी सॅरा लेव्हिन यांच्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेस्कॅकमधील संस्थांचाही अभ्यास केला. प्रशिक्षकांच्या शिफारशीने आलेल्या खेळाडूंची अभ्यासातील प्रगती त्यांच्या प्रवेशकालीन गुणवत्तेवरून अपेक्षित असलेल्या प्रगतीपेक्षाही कमी असते, असे त्यांना आढळले. खेळाडू हे विद्यार्थिवर्गाचे प्रातिनिधिक असावेत, या १९५५ च्या तत्त्वालाच या निष्कर्षाने आव्हान दिले.

फुटबॉलचा हंगाम मात्र दीर्घकाळ आखूड राहिला. दहा संघ असूनही प्रत्येकाचे आठच सामने होत. त्यामुळे प्रत्येक संघाचा दर वर्षी एका प्रतिस्पर्ध्याशी सामनाच होत नसे आणि विजेत्याचा निर्णय काहीसा अपुरा राही. २०१७ मध्ये नवव्या सामन्याची भर पडून ही उणीव दूर झाली. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० च्या शरद ऋतूतील सर्व सामने संघाने रद्द केले.