विभाजकांची बेरीज आणि बगदादचे गणिती

एखाद्या संख्येचे, ती स्वतः वगळून, सर्व विभाजक घेऊन त्यांची बेरीज केल्यास तीन शक्यता संभवतात. १२ साठी ही बेरीज १६ येते, म्हणून १२ ही विपुल संख्या. ८ साठी ७ येते, म्हणून ८ न्यून. ६ साठी ६ च येते, म्हणून ६ परिपूर्ण. हे वर्गीकरण इ. स. १०० च्या सुमारास ग्रीक लेखक निकोमाखस याच्या अंकगणितावरील ग्रंथात आढळते. मात्र त्याने ते सम संख्यांपुरते मांडले आणि प्रत्येक अंकस्थानाला एकेक परिपूर्ण संख्या असते, असे सिद्धतेविना लिहिले.

अरबी विद्वानांनी ग्रीक विद्या केवळ जतन केली, असा एक समज आहे. या विषयापुरता तरी तो खरा नाही.

निकोमाखसचा ग्रंथ अरबीत आणणारे साबित बिन कुर्रा (मृ. ९०१) हे मूळ हर्रानचे. २२० च्या विभाजकांची बेरीज २८४ आणि २८४ ची २२० येते. अशा जोडीस मित्रसंख्या म्हणतात. साबित यांनी त्या शोधण्याचा नियम सिद्धतेसह दिला. ६, १२ आणि त्यांचा गुणाकार ७२ यांतून १ वजा केल्यास ५, ११, ७१ या मूळ संख्या मिळतात; मग ४×५×११ = २२० आणि ४×७१ = २८४. हीच रीत २४ व ४८ वरून चालवली की १७२९६ आणि १८४१६ ही जोडी मिळते. ती इ. स. १३०० च्या सुमारास कमालुद्दीन अल-फारिसी यांनी नोंदविली. युरोपात मात्र ती १६३६ मधील फर्माच्या नावे प्रसिद्ध झाली.

धर्मशास्त्रज्ञ म्हणून परिचित असलेले अबू मन्सूर अल-बगदादी (मृ. १०३७) यांनी निकोमाखसचे विधान तपासले. दहा हजार ते एक लाख यांच्या दरम्यान परिपूर्ण संख्याच नाही, हे त्यांनी दाखविले. ९४५ ही सर्वांत लहान विषम विपुल संख्या होय, हेही त्यांनीच नोंदविले. तिच्या विभाजकांची बेरीज ९७५ येते.

हा वारसा सांगताना एक गोष्ट वगळता कामा नये. साबित मुसलमान नव्हते. ते साबी पंथाचे होते. ग्रीक ग्रंथ, साबी अनुवादक आणि मुस्लिम टीकाकार, सर्वांची भाषा अरबी, अशी ती विद्यासभा होती. फर्माचे श्रेय तपासणाऱ्याने आपल्या बाजूचे श्रेयही तितक्याच काटेकोरपणे वाटले पाहिजे.

विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते दार अजून उघडे आहे.