माउलीचे पोरकेपण

१९६७ साली दिल्लीत एका दुकानातल्या दूरचित्रवाणी संचावर शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक पुराणांतले देव मुलांना तोंडपाठ होते. मग प्रश्न आला, रामाच्या आईचे नाव काय? उत्तर काही आले नाही. तिथे उभे राहून हे पाहणारे अनंत पै ही हकीकत पुढे आयुष्यभर सांगत राहिले, कारण तिच्यातूनच ‘अमर चित्रकथा’ निघाली. आपल्यापैकी पन्नाशी-साठीतल्या बहुतेकांच्या घरी त्या अंकांचा एखादा गठ्ठा अजून असेल. बाहेर वेगळी भाषा आणि घरात मराठी अशा दुहेरी संसारात वाढलेल्या मुलांना कर्ण आणि शकुंतला पुष्कळदा त्या रंगीत पानांतूनच भेटल्या.

पैंबद्दलची एक गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक असते. १९२९ साली कारकळला जन्मलेल्या या माणसाचे आईवडील तो दोन वर्षांचा असतानाच गेले. बाराव्या वर्षी तो मुंबईला आला. आईचा चेहराही ज्याला आठवत नसणार, त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते कोणाच्या तरी आईचे नाव विचारणाऱ्या प्रश्नाने. योगायोगातून फार अर्थ काढू नये हे खरे, पण ‘अमर चित्रकथे’च्या सुरुवातीच्या काळातली पुस्तके पाहा: यशोदेच्या घरी वाढणारा कृष्ण, मेनकेने टाकलेली आणि कण्वांनी वाढवलेली शकुंतला, नदीत सोडलेला आणि राधेने उचललेला कर्ण. जन्मदात्रीपासून दुरावलेली ही सगळी मुले. आणि ती पुस्तके काढणारे गृहस्थ देशभरातल्या मुलांचे ‘अंकल पै’ झाले.

चित्रकथेत, कार्टूनपटात आणि सिनेमात आईविना मुलांची एवढी गर्दी का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. एक साधे उत्तर असे, की आई घरात असली तर ती मुलाला अंधार पडल्यावर बाहेर जाऊच देणार नाही, मग गोष्ट घडायची कशी? (आपल्या उत्सवाचा देव मात्र आईने एकटीने घडवलेला. त्याच्या कथेत आईला बाजूला करायची सोयच नाही.)

अमेरिकेत ही युक्ती फार चालली. हॅरॉल्ड ग्रे यांची ‘लिटल ऑर्फन ॲनी’ ही अनाथ पोर १९२४ पासून वर्तमानपत्रांत येऊ लागली. १९३६ साली फँटम आला. त्याच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा बाप चाच्यांनी मारलेला, तो स्वतः वाहत किनाऱ्याला लागलेला आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतलेला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सनी तो आपल्यापर्यंत आणला. १९३८ चा सुपरमॅन म्हणजे नष्ट होणाऱ्या ग्रहावरून यानात घालून सोडलेले बाळ, आपल्याला टोपलीतून यमुना ओलांडणाऱ्या बाळाची आठवण करून देणारे. तो क्लीव्हलंडमधल्या दोन तरुणांनी रचला. दोघेही स्थलांतरित ज्यू घरांतले, आणि त्यांतल्या जेरी सीगलचे वडील १९३२ साली दुकानावर चोर आले त्याच रात्री वारले होते. पुढच्याच वर्षी बॅटमन आला. त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर त्याच्या आईबापांना गोळ्या घातल्या जातात, हे १९३९ च्याच अंकात सांगितले आहे. या सगळ्यांचे दुःख मुखवटा चढवते आणि शत्रू शोधत निघते.

डिस्नेचे प्रकरण जरा वेगळे. स्नो व्हाइट १९३७ ची, डंबो १९४१ चा, बॅम्बी १९४२ चा, सिंड्रेला १९५० ची. एकाचीही आई धड शेवटपर्यंत सोबत नाही. डंबोची निदान जिवंत आहे, पण कोंडलेली. यामागचे कारण म्हणून वॉल्ट डिस्नेच्या आईच्या मृत्यूकडे बोट दाखवले जाते. मुलांनी घेऊन दिलेल्या नव्या घरात भट्टीतून विषारी वायू पसरून त्या १९३८ साली वारल्या. हळहळ वाटावी अशीच ती घटना आहे, पण तारखा जुळत नाहीत. स्नो व्हाइट त्याआधीच पडद्यावर आली होती आणि बॅम्बीची आई तर फेलिक्स साल्टनच्या १९२३ च्या पुस्तकातच मरते. खरे मूळ शंभर-सव्वाशे वर्षे मागे आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली स्नो व्हाइटची गोष्ट प्रथम छापली तेव्हा मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आईच होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई दुष्ट असते हे घरोघर वाचायच्या पुस्तकात चालण्यासारखे नव्हते, म्हणून सख्खीला आरंभीच मारून टाकले आणि सगळे पाप सावत्र आईच्या पदरात घातले. ते अजून तिथेच आहे.

ती स्नो व्हाइट ज्या वर्षी अमेरिकेत झळकली, त्याच १९३७ साली पुण्यात प्रभातने ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. नीरा ही आईबापाविना नातलगांकडे वाढलेली मुलगी. ज्यांनी वाढवले तेच तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधतात. काकासाहेबांना तिच्याच वयाची मुले आहेत. म्हणजे एका रात्रीत ही पोरकी मुलगी कोणाची तरी सावत्र आई होते. गोष्ट सावत्र आईच्या बाजूने सांगितली तर कशी दिसते, ते पाहायचे असेल तर ‘कुंकू’ पाहावा. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाही. ती नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. आणि तिच्या मागे उभी राहते ती सावत्र मुलगी! ही समाजसेविका मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली होती. त्या स्वतः पुढे र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात होत्या, तेव्हा भूमिका आणि माणूस यांत फारसे अंतर नव्हते.

नीरेसारख्या मुली पडद्यापुरत्या नव्हत्या. विचारणारा बाप नसला की मुलीचा सौदा सोपा होतो, हे त्या काळच्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नव्हते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली तिचे नावही ‘अनाथ बालिकाश्रम’ असेच होते. माहेर असो नसो, नवरा गेला की मुलगी अनाथ, असा तो हिशेब होता.

मग १९४० साली प्रभातनेच ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे आणि ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत अहमदनगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेले शाहू मोडक. लोक चालती भिंत पाहायला गेले, रेडा वेद कसा म्हणतो ते पाहायला गेले. प्रभातची करामत खरोखरच पाहण्यासारखी होती. पण चमत्कार वजा केले तर उरते ती चार पोरक्या भावंडांची गोष्ट. संन्यास घेऊन परत संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीने वाळीत टाकले. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय सुटका नाही असे ठरले, आणि मुलांना तरी समाजात घेतील या आशेने आईबापांनी देह टाकला. मुलांना घेतले नाहीच. ‘संन्याशाची पोरे’ शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत गेली. परंपरेने सांगितलेली जन्मवर्षे धरली तर निवृत्ती आणि मुक्ताई यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे आणि ज्ञानेश्वरी झाली त्या १२९० साली मुक्ताई अकरा वर्षांची होती. या घरात मोठे माणूस असे कोणी नव्हतेच.

या चौघांनी एकमेकांचे आईबाप कसे व्हायचे ते ठरवून घेतले असावे असे वाटते. थोरला भाऊ गुरू झाला, आणि ज्ञानेश्वर आपल्या ग्रंथात त्या गुरूला आईच्या मायेने हाक मारतात. मांडे भाजायला कोणी खापर देईना, तेव्हा मुक्ताईला भावाच्या पाठीवर ते भाजावे लागले, अशी कथा आहे. तिच्यातला चमत्कार आपण सांगतो. बहिणीला मांडे करून घालावेसे वाटले आणि गावाने तिला एक खापरही दिले नाही, हे मात्र सांगता सांगता राहून जाते. पुढे जनांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली ती याच सगळ्यांत धाकट्या बहिणीने. ताटीचे अभंग वाचताना बोलणारी लहान मुलगी आहे हे विसरायला होते. तो आवाज आईचा आहे.

आणि वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना नाव काय दिले? माउली. ज्याला आई लाभली नाही, त्याला अख्खा मुलूख सातशे वर्षे आई म्हणून हाक मारतो. वारीच्या वाटेवर तर अनोळखी माणूसही अनोळखी माणसाला माउली म्हणतो. बॅटमनच्या आणि आपल्या पोरक्यांत मला फरक दिसतो तो इथे. तिकडचा पोरका शत्रूच्या मागे जातो, इकडचा दुसऱ्याची आई होतो. एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. चौघांची आई खऱ्या अर्थाने जिने केली ती मुक्ताई, पण माउली हे नाव भावाला मिळाले.

‘श्यामची आई’ याच वाटेवरचा सिनेमा आहे. आपण तो आईचा सिनेमा म्हणून ओळखतो. मी तो प्रथम मंडळाच्या मांडवात, ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर पाहिला. रीळ बदलताना दिवे लागले की बायका घाईघाईने पदराने डोळे पुसत. पण मुळात ती आई गमावलेल्या मुलाची गोष्ट आहे. साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. गुरुजींनी पुस्तक लिहिले ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात, काही दिवसांत. त्यातला श्याम मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो तो ती नाही म्हणूनच. पुस्तकातला श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते, आणि ती चुकामूक मला साऱ्या पुस्तकाच्या मुळाशी दिसते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात गुरुजी उपोषणाला बसले. ज्या देवाला आपण विठू माउली म्हणतो, त्याच्या दारात काही लेकरांना मज्जाव आहे, हे आईवेड्या माणसाला सहन होण्यासारखे नव्हते. १९५० साली गुरुजी गेले, त्यामुळे १९५३ चा सिनेमा त्यांनी पाहिला नाही. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले तेही त्यांच्यामागे.

श्यामची आई झालेल्या वनमाला मात्र आपल्या, बृहन्महाराष्ट्रातल्या. उज्जैनला जन्मलेल्या, ग्वाल्हेरच्या पवारांच्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधली रुख्साना आणि कोकणातली नऊवारी नेसलेली गरीब आई एकच, हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. २००७ साली त्या ग्वाल्हेरलाच वारल्या. महाराष्ट्राने आईचा चेहरा म्हणून जो मनात जपला, तो शिंदेशाहीतल्या मराठी घरातून गेलेला होता. बडोद्याच्या वाचकांनी यावर रुसू नये. पोरक्या मुलाचे दुःख सांगणारी मराठीतली सर्वांत प्रसिद्ध ‘आई’ ही कविता लिहिणारे कवी यशवंत पुढे बडोद्याचेच राजकवी झाले.

आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’नंतर लगेच, १९५४ साली, ‘महात्मा फुले’ काढला. जोतीरावांच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर. हे दोन सिनेमे एकामागोमाग आले त्यात कोणी संगती शोधत नाही. एक आईच्या मायेचा, दुसरा समाजसुधारणेचा, असे दोन कप्पे करून आपण मोकळे होतो. पण जोतीराव वर्षाचे होण्याआधीच त्यांची आई चिमणाबाई वारली होती. त्यांना वाढवले नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरली. या आईविना वाढलेल्या माणसाने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे. त्यांतल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर माळावर दवाखाना घातला आणि सावित्रीबाई तिथे रोगी आणून पोचवू लागल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.